सातपुड्याच्या पायथ्याने सायकलवर: भुसावळ ते तोरणमाळ, सात दिवसांची तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

खान्देशातली सायकल सहल फसते ती बहुतेक वेळा घाटात नाही, घाटाच्या आधी. नकाशावर तापीचं खोरं सपाट दिसतं, तोरणमाळचा एकच चढ दिसतो, आणि मंडळी सरळ नंदुरबारला उतरून दुसऱ्याच दिवशी घाटाला भिडतात. सायकल नवी, सामान जास्त, पाय थंड. निम्म्या घाटात गिअर संपतात, पाणी संपतं, मग पिकअपवाल्याला हात. त्यामुळे इथे दिलेला क्रम मुद्दाम उलटा आहे: आधी तीन दिवस पायथ्याने सपाटीवर, मग घाट. सपाटीवर सायकल आणि शरीर दोन्ही तपासून निघतात, आणि बिघाड झालाच तर दुकान हाताशी असतं.

आखणी अशी:

पहिला दिवस: भुसावळ, यावल, अडावद, चोपडा (साधारण ६५ किमी)
दुसरा: चोपडा ते शिरपूर (५० च्या आसपास)
तिसरा: शिरपूर ते शहादा (६० च्या आसपास)
चौथा: शहादा, म्हसावद, राणीपूर, तोरणमाळ (साधारण ५५, सगळा चढ शेवटच्या निम्म्यात)
पाचवा: तोरणमाळला मुक्काम
सहावा: उतरून शहादा
सातवा: शहादा, प्रकाशा, नंदुरबार (४० च्या आसपास), तिथून रेल्वे

अंतरं गावाच्या मध्यापासून धरली आहेत. लॉज शोधणं, जेवायला आत वळणं यात रोज चार-पाच किलोमीटर वाढतात, ते हिशेबात ठेवा.

## टप्पा १: महिना आणि दिशा ठरवा

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा मध्य. यापलीकडे जाऊ नका. मार्चपासून दुपारचं ऊन सायकलवाल्याला सोडत नाही, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो हे सांगायला नको. पावसाळ्यात सातपुडा हिरवा असतो हे खरं. पण घाटात दरडी, ओढ्यांना अचानक पूर, आणि रस्त्याच्या कडेला काळी माती. ही माती मडगार्ड आणि टायरच्या फटीत अशी भरते की चाक फिरत नाही. हिवाळ्यात अवकाळी झाला तरी हेच. तेव्हा डांबर सोडून शेतरस्त्याला जाऊ नका, वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती पुरेशी सुकेपर्यंत, मुक्काम वाढवा.

पूर्वेकडून पश्चिमेकडे जाण्याला कारण आहे. हिवाळ्यात इथला वारा बहुतेक उत्तर-पूर्वेकडून येतो, म्हणजे तो पाठीशी किंवा बाजूला राहतो. नंदुरबारहून भुसावळकडे निघालात तर तोच वारा तीन दिवस छातीवर.

पण पश्चिमेकडे जाताना उन्हाचा एक धोका असतो. सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागे, म्हणजे समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत. तो ओव्हरटेक करायला तुमच्या बाजूला येतो तेव्हा तुम्ही त्याला दिसतच नाही. म्हणून सकाळी पुढचा दिवा लुकलुकता ठेवा. दुपारी चारनंतर गणित फिरतं: सूर्य तुमच्या आणि तुमच्या मागून येणाऱ्या गाडीवाल्याच्याही डोळ्यांत. म्हणून रोजचा टप्पा तीनपर्यंत संपवायचा. लाल दिवा मागे कायम चालू.

तारखा पाहून घ्या: दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते, तेव्हा शहादा-दोंडाईचा भागात खोली मिळणं कठीण. महाशिवरात्रीला तोरणमाळला यात्रा असते, घाट जीप-पिकअपनी भरलेला. होळीच्या आधीच्या आठवड्यात आदिवासींचा भोंगऱ्या बाजार. हे सोहळे बघायला जरूर जा, सायकल घरी ठेवून.

## टप्पा २: गिअर मोजा, किंमत नाही

दुकानदार सांगतो "२१ गिअरची आहे, कुठेही चढेल." गिअर किती याला अर्थ नाही, सगळ्यात हलका गिअर किती हलका, एवढंच बघायचं. पुढच्या सगळ्यात लहान चक्राचे दाते मोजा, मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राचे मोजा. पुढचे दाते मागच्यापेक्षा कमी हवेत. बरोबरीचे असले तर तयारीच्या माणसाला चालेल. जास्त असतील तर सामान घेऊन तोरणमाळ नको.

आकड्यांत सांगायचं तर: पुढे ३४ आणि मागे २८ असेल तर मिनिटाला ६० पायडल मारून सायकल ताशी साडेनऊ किलोमीटरने चालते. त्याहून हळू जायचं तर पाय जवळजवळ थांबतात. आठ टक्के चढावर सामानासकट साडेनऊचा वेग साधा माणूस फार वेळ धरू शकत नाही. पुढे २८ आणि मागे ३४ असेल तर त्याच ६० पायडलला वेग येतो साधारण ६.४. हा धरता येतो, तासन्‌तास. बऱ्याच सायकलींवर मागची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बदलून हे जमतं. मात्र मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ३४ दाते पेलतो का हे मिस्त्रीला आधी विचारा, नाहीतर चेन अडकते आणि डिरेलर स्पोकमध्ये जातो.

टायर ३५ ते ४० मिमी रुंदीचे घ्या. माणूस ७५ किलो आणि सामान १०-१२ किलो असेल तर मागे ५५-६०, पुढे ४५-५० पीएसआय हवा. "कडक हवा म्हणजे हलकी सायकल" ही समजूत खड्ड्यांच्या रस्त्यावर स्पोक तोडते.

सीटची उंची अशी लावा: पायडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली की गुडघा सरळ व्हावा. पहिल्या दोन दिवसांत गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागच्या बाजूने दुखला तर वर. एका वेळी पाच मिमीच्या वर हलवू नका.

तपासा: सायकल उभी करून चाक फिरवा आणि एकेका स्पोकला टिचकी मारा. बहुतेकांचा आवाज सारखा येतो. एखादा बद्द वाजला तर तो सैल आहे, मिस्त्रीकडून कसून घ्या. हे निघायच्या किमान आठवडाभर आधी करायचं, कारण कसलेलं चाक शे-दीडशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावं लागतं.

## टप्पा ३: सुटे भाग

इथे एक चूक इतक्या लोकांची होते की तिला वेगळी जागा देतो. गावातल्या सायकल दुकानात २८ इंची टायर-ट्यूब मिळते. तुमच्या सायकलवर ७०० सी लिहिलेलं असतं, कोणीतरी सांगितलेलं असतं की ७०० सी म्हणजेच २८ इंची. पण गावातला २८ × १½ टायर ६३५ मिमी रिमचा असतो, ७०० सी ची रिम ६२२ मिमीची. तो टायर तुमच्या रिमवर सैल बसतो आणि हवा भरताच बाहेर येतो. म्हणजे टायर फाटला तर जळगाव, धुळे अशा मोठ्या शहराशिवाय इलाज नाही. म्हणून जुन्या टायरचा पाच बाय सात सेंटिमीटरचा तुकडा सोबत ठेवा. चीर पडली तर आतून तो तुकडा लावून शहरापर्यंत पोचता येतं.

दुसरी गोष्ट व्हॉल्व्हची. बारीक दांडीचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर त्याला लागत नाही. पितळी अडॅप्टर दोन घ्या, एक नक्की हरवतो. कॉम्प्रेसरने हवा भरताना दोन-दोन सेकंद सोडून अंगठ्याने दाबून बघा; मोटारसायकलच्या सवयीने भरली की सायकलची ट्यूब फुटते.

बाकी पिशवीत काय असावं: दोन ट्यूब, आठ-दहा पॅच, सोल्युशनच्या दोन लहान ट्यूब (उघडलेली सुकते), टायर काढायच्या पट्ट्या, हातपंप, अॅलन कीचा संच, चेन तोडायचं हत्यार, तुमच्या चेनला बसणारी क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), ब्रेक पॅडच्या दोन जोड्या, ब्रेक आणि गिअरची एकेक वायर, मागच्या चाकाच्या मापाचे तीन स्पोक, डिरेलरचा हँगर, कॅरिअरचे दोन बोल्ट, केबल टाय, इन्सुलेशन टेप, छोटी तेलाची बाटली. हँगर ही अंगठ्याएवढी पट्टी असते आणि प्रत्येक मॉडेलची वेगळी. सायकल उजव्या बाजूला पडली की ती वाकते, आणि ती खान्देशातच काय, पुण्यातही लगेच मिळेलच असं नाही.

## टप्पा ४: सामान, आणि सामान कमी करणं

पाण्याशिवाय दहा-बारा किलो. त्याच्या वर गेलात तर घाटात प्रत्येक किलोचा हिशेब द्यावा लागतो. सायकलचे दोन जोड, मुक्कामाचा एक जोड, एक गरम जाकीट. जाकीट गाळू नका: दिवसा खोऱ्यात घाम फुटतो, पण तोरणमाळला डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा एक आकडी होतो. तंबूची या मार्गावर गरज नाही.

जड वस्तू पॅनियरच्या (कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लावायच्या पिशव्यांच्या) तळाशी आणि पुढच्या बाजूला, म्हणजे मागच्या अॅक्सलजवळ. दोन्ही बाजूंचं वजन सारखं. पाठीवर सॅक घेऊ नका. पहिल्या तासात काही वाटत नाही, तिसऱ्या दिवशी मान वळत नाही.

तपासा: भरलेली सायकल मागच्या कॅरिअरला धरून हलवा. पिशव्या हलल्या तर हुक सैल आहेत. पायडल मारताना टाच पिशवीला घासते का तेही आताच बघा.

निघायच्या आधीच्या तीन आठवड्यांत लागोपाठ दोन दिवस पन्नास-पन्नास किलोमीटर, याच सामानासकट, किमान दोनदा करा. एकट्या रविवारची शंभरी उपयोगाची नाही. खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी सीटवर बसताना होते. जळगाव-भुसावळकडच्या मंडळींना सरावाचा चढ हवा असेल तर खिरोद्याहून पालकडे जाणारा रस्ता आहे.

## टप्पा ५: पायथ्याचे तीन दिवस

भुसावळहून तापी ओलांडून यावल. इथून पुढे चोपडा, शिरपूर, शहादा हा पट्टा सातपुडा उजव्या हाताला ठेवून जातो. तापीच्या दक्षिणेचा राष्ट्रीय महामार्ग ५३ रुंद आहे म्हणून मोह होतो, पण ट्रकच्या वाऱ्यात सात दिवस कशाला घालवायचे? त्या बाजूची सुरत-भुसावळ रेल्वे मात्र लक्षात ठेवा. सहल सोडायची वेळ आली तर चोपड्याहून अमळनेर किंवा जळगाव, शिरपूरहून नरडाणा, शहाद्याहून दोंडाईचा किंवा नंदुरबार गाठता येतं. प्रत्येक मुक्कामाला "इथून स्टेशन कोणतं" हे आधीच लिहून ठेवा.

या रस्त्यावर धोका वेगापेक्षा मालाच्या आकाराचा. यावल-चोपडा भागात केळीचे ट्रक, सगळीकडे कापसाचे फुगलेले टेम्पो, आणि शहाद्याच्या आसपास गळीत हंगामात उसाच्या जोड-ट्रॉल्या. कापसाचा टेम्पो त्याच्या चाकांपेक्षा दोन्ही बाजूंनी हात-हातभर बाहेर असतो, आणि चालकाला आपला माल कुठवर आलाय ते आरशात दिसत नाही. मागून तसा आवाज आला की साईडपट्टीवर उतरा. मात्र डांबराची कड आणि साईडपट्टी यांत कुठे कुठे वीतभर खाच असते. तिरकं उतरलात तर पुढचं चाक कडेला घासून पडाल. वेग कमी करून, हँडल सरळ ठेवून उतरा. वर येताना थांबून, सायकल उचलून या.

सावध: वळणावर जोड-ट्रॉलीच्या आतल्या बाजूला कधीही जाऊ नका. मागची ट्रॉली पुढच्यापेक्षा आत कापते. ट्रॉलीला धरून ओढत जाणं ही पोरांची मजा आहे, भरलेल्या सायकलने तर मुळीच नको.

पंक्चर होणारच. बाभळीचा काटा दिसतो तरी. सराटा, म्हणजे गोखरूचा काटा, दिसत नाही. सावलीसाठी कडेच्या गवतात सायकल लोळवली की दोन्ही टायरना चार-चार सराटे लागलेले असतात. सायकल डांबरावरच उभी करा, कडेला न्यायची तर उचलून न्या. पंक्चर काढण्याचा क्रम लोक चुकवतात, म्हणून नीट देतो:

१. ट्यूब काढायच्या आधी व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूने किंवा पेनाने खूण करा.
२. टायरची एकच बाजू काढा, ट्यूब बाहेर घ्या, हवा भरून भोक शोधा. पाणी नसेल तर ओल्या ओठांजवळून फिरवा.
३. ट्यूब खुणेप्रमाणे टायरवर ठेवली की काटा टायरमध्ये कुठे आहे ते कळतं. तिथे आतून कापडाचा बोळा फिरवा. सराट्याचं टोक मोडून आत दीड-दोन मिमी राहतं. बोट फिरवलं तर लागत नाही, कापड मात्र अडकतं. ते टोक नखाने जमलं नाही तर चिमट्याने काढा.
४. मग उरलेला सगळा टायर तसाच तपासा. एक सापडला म्हणजे दुसरा नाही असं नसतं.
५. पॅच लावायची जागा घासून सोल्युशन लावा आणि ते सुकू द्या. ओल्यावर पॅच दाबणं ही नेहमीची घाई, संध्याकाळपर्यंत तो सुटतो.
६. थोडी हवा भरून ट्यूब बसवा, टायर हातानेच चढवा. शेवटच्या वीतभर भागाला पट्टी लावली की बहुतेक वेळा नवीन पंक्चर तिथेच होतं.

घाई असेल तर नवी ट्यूब टाका आणि पॅच मुक्कामाला. तिसरी आणि चौथी पायरी मात्र रस्त्यावरच पुरी करा.

जेवणाचं एक सांगतो. दुपारी शेवभाजी नको. तर्री पोटात घेऊन उन्हात पायडल मारणं आपल्या माणसालाही जड जातं, बाहेरून आलेल्याचं तर विचारूच नका. दुपारी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) किंवा नुसत्या ज्वारीची भाकरी, ठेचा बोटावर, दही किंवा ताक, आणि हिवाळा असल्यामुळे वांग्याचं भरीत. शेवभाजी रात्री. सायकलवर असताना दर पाऊण तासाला थोडं खा: केळं, गूळ-शेंगदाणे, चिक्की. केळीच्या मुलखातून जाताना एनर्जी बार विकत घेणाऱ्याला काय म्हणावं? पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. एक लिटरचं ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच मिसळा. अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट टाकलं तर तहान वाढते आणि पोट बिघडतं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचे चमचे.

रोज संध्याकाळी दहा मिनिटं सायकलला द्या. चेन कोरड्या फडक्याने पुसा, प्रत्येक कडीत थेंबभर तेल सोडा, पाच मिनिटांनी वरचं तेल पुसून टाका. वर राहिलेल्या तेलात रस्त्याची धूळ बसते आणि तीच चेन खाते. मग टायर, ब्रेक पॅड, कॅरिअरचे बोल्ट.

तिसऱ्या संध्याकाळी, शहाद्यात, स्वतःला विचारा: गुडघा दुखतोय का? सगळ्यात हलका गिअर न अडखळता पडतो का? तीन दिवसांत एकदाही न वापरलेलं सामान किती आहे? गुडघा दुखत असेल तर एक दिवस थांबा. न वापरलेलं सामान लॉजवर ठेवा. सहाव्या दिवशी परत इथेच यायचंय. दुरुस्तीची पिशवी आणि गरम कपडे सोडून तीन-चार किलो सहज निघतात.

## टप्पा ६: तोरणमाळचा घाट

शहादा समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरांच्या आसपास, तोरणमाळ साडेअकराशेच्या. म्हणजे निव्वळ चढ हजार मीटर. मधले उतार धरले तर त्याहून जास्त.

तोरणमाळला राहण्याच्या जागा मोजक्या आहेत. आदल्या दिवशी फोनवर खोली पक्की करा, शनिवार-रविवार तर नक्कीच टाळा. रोख पैसे शहाद्यातच काढा. डोंगरात नेटवर्क येतं-जातं, आणि तुमचं यूपीआय अडकलं की पावरा (इथला आदिवासी समाज) दुकानदार बिचारा चहाचे पैसे राहू द्या म्हणतो. ती वेळ त्याच्यावर आणू नका. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा आणि गावांची नावं कागदावरही.

फटफटलं की निघा, पावणेसातच्या सुमारास. त्याआधीच्या अंधारात उसाच्या ट्रॉल्या चालू असतात आणि त्यांतल्या कित्येकांना मागे दिवा नसतो. म्हसावदला नाश्ता करा, पण पोटभर नको. राणीपूरला नऊपर्यंत पोचलात तर वेळेत आहात. पाण्याचे चार लिटर इथे पूर्ण भरा. पुढे हातपंप आणि पाडे आहेत, पण त्यांच्या भरवशावर घाट चढायचा नसतो.

थांबायची वेळ: राणीपूरला साडेदहा वाजून गेले असतील तर त्या दिवशी वर जाऊ नका. पुढच्या पंचवीसेक किलोमीटरला चार तास आणि विश्रांती धरावी लागते, आणि भर दुपारी चढाला लागलेला माणूस संध्याकाळी घाटातच असतो. एक तर शहाद्याला परत, किंवा पिकअपमध्ये सायकल टाकून वर.

चढताना या चुका टाळा:

पहिला अर्धा तास जोशात. बोलता येईल इतक्याच वेगाने चढा. एक वाक्य सलग बोलता आलं नाही तर वेग जास्त आहे. चाळीस मिनिटं चढ, पाच मिनिटं थांबा, घड्याळ लावून. दमल्यावर थांबणाऱ्याला पुढच्या वेळी दुप्पट थांबावं लागतं.

गिअर उशिरा बदलणं. चढ अंगावर आल्यावर, पायावर पूर्ण जोर असताना गिअर टाकला की चेन कुरकुरते, निसटते, प्रसंगी तुटते. वळण दिसलं की आधीच हलका गिअर. डाव्या वळणावर तुम्ही आतल्या कडेला असता आणि घाटात आतली कड सगळ्यात उभी असते, तिथे फार लोक उतरतात. शेवटाकडच्या सातपायरी घाटात अशी वळणं एकामागून एक येतात.

रस्ताभर नागमोडी चढणं. चढ सौम्य होतो हे खरं, पण वरून बंद इंजिनाने उतरणारी जीप वळणाआडून येते. त्यापेक्षा उतरून ढकला. सायकलच्या डावीकडे उभे राहा, डावा हात हँडलवर, उजवा सीटवर. ढकलण्यात कमीपणा नाही.

पाड्यांवरची पोरं सायकलमागे पळतात, हसतात, कधी ढकलूही लागतात. त्यांना चॉकलेटं वाटू नका. मग ती पुढच्या सायकलवाल्याकडेही मागतात, आणि त्याला ती वाटमारी वाटते. बायाबापड्यांचे फोटो विचारून. रस्ता विचारायचा तर "हा रस्ता तोरणमाळला जातो ना, दादा?" असं विचारू नका. माणूस मान राखायला हो म्हणतो. "तोरणमाळचा रस्ता कोणता?" असं विचारा, आणि पुढच्या पाड्यावर परत एकदा.

पाचवा दिवस वर थांबायचा. यशवंत तलावाला फेरी मारा, सीताखाईचं खोरं बघा, पण पायी. आणि याच दिवशी उजेडात ब्रेक तपासा. पॅडवरच्या खाचा दिसत नसतील किंवा डिस्कच्या पॅडचा मसाला एक मिमीच्या खाली असेल तर आताच बदला.

तोरणमाळहून पुढे धडगाव, मोलगी, अक्कलकुवा असा रस्ता जातो आणि नकाशावर फार मोहक दिसतो. तिथले चढ-उतार तोरणमाळपेक्षा कठोर आहेत आणि वस्त्या विखुरलेल्या. पहिल्या सहलीत तिकडे वळू नका.

## टप्पा ७: उतार

जास्त अपघात चढात नाही, उतरताना होतात. धुकं विरेपर्यंत, म्हणजे साधारण नऊपर्यंत निघू नका; वळणांवर दव असतं आणि बोटं गारठलेली असतात. जाकीट घालून उतरा, हातमोजे हवेतच.

ब्रेक सतत दाबून धरायचे नाहीत. वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक एकदम आणि जोरात; वळणात सोडा. सतत घासलं की रिम तापते, आतली ट्यूब फुटू शकते. डिस्क असेल तर पॅड तापून पकड सोडतात. दर दहा-पंधरा मिनिटांनी थांबा. रिमजवळ हात नेऊन धग जाणवली तर दहा मिनिटं बसा. गरम रिम-डिस्कवर पाणी ओतू नका.

सावध: ब्रेकचं लिव्हर हँडलला टेकू लागलं की तिथेच उतरा, वायर ताणून घ्या. "पायथ्याला बघू" म्हणून कोणी पुढे जाऊ नये. अपघात झालाच तर रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२. नेटवर्क नसेल तर खाली जाणाऱ्या गाडीवाल्याजवळ नाव, जागा आणि फोन नंबर कागदावर लिहून द्या.

## टप्पा ८: नंदुरबार आणि रेल्वेत सायकल

शहाद्याहून प्रकाशाला तापी ओलांडून नंदुरबार, अर्ध्या दिवसाचं काम. हंगामात नंदुरबारच्या वेशीवर मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात. वारा तुमच्या बाजूला असेल तर तो ठसका साधा नसतो. चष्मा आणि नाकावर रुमाल आधीच चढवा, आणि मिरची वाळवणाऱ्या मैदानाच्या कडेला फोटोसाठी थांबून डोळे चोळू नका.

सायकल गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून (सामानाच्या डब्यातून) लगेज म्हणून जाते. स्वतःचं तिकीट आधी, मग पार्सल ऑफिस. गाडीच्या किमान दीड तास आधी पोचा. सगळ्याच गाड्यांत जागा असते असं नाही, म्हणून आदल्या दिवशी फोन करा किंवा जाऊन विचारा. दिवा, पंप, बाटल्या, मीटर काढून घ्या. हँडल आणि डिरेलरला जुनं कापड किंवा पुठ्ठा बांधा, कारण व्हॅनमध्ये तुमच्या सायकलवर पोतं पडणार हे गृहीत धरा. सुरुवातीचं स्टेशन, उतरायचं स्टेशन, गाडी क्रमांक, पीएनआर आणि फोन नंबर जाड पेनाने दोन पुठ्ठ्यांवर लिहा. एक फ्रेमला, एक हँडलला. पावती जपा, तिच्याशिवाय सायकल मिळत नाही.

चढवताना स्वतः प्लॅटफॉर्मवर उभे राहा आणि सायकल आत गेल्याचं डोळ्यांनी बघा. उतरायचं स्टेशन मोठं निवडा, जळगाव किंवा भुसावळ. लहान स्टेशनांवर गाडी दोन मिनिटं थांबते आणि व्हॅन उघडेपर्यंत सुटते. उतरल्यावर आधी व्हॅनकडे, मग बाकीचं सामान. तिथेच चाक फिरवून आणि डिरेलर मागून बघून घ्या. काही वाकलं असेल तर ते पार्सल ऑफिसच्या माणसासमोर, पावती हातात असतानाच नोंदवायचं.